३५ माणसांच्या कंपनीत जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा: मिहानमधल्या एका मोठ्या आयटी कंपनीत अडीच वर्षं झाली. नावाला जावा डेव्हलपर, पण दिवस तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी, बंद करण्यात जातो. आता नागपुरातच, आयटी पार्कमधल्या ३५ माणसांच्या एका स्टार्टअपची ऑफर आहे. पगार ४० टक्के जास्त, वर ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचे ऑप्शन. बाबा म्हणतात, "लागलेली नोकरी सोडून कुठल्या दुकानात चालला?" ताई, जाऊ की नको?

माझी आई २०१६ मध्ये "दुकान" नव्हती म्हणाली, "पत्र्याच्या शेडमधली कंपनी" म्हणाली होती. शेड नव्हतं, पण वरच्या मजल्यावर स्लॅबखालीच बसायचो आणि मे महिन्यात दुपारी कूलरचं पाणी भरायची पाळी लागायची, त्यामुळे ती फार चुकली होती असं नाही. हिंजवडीत आठ वर्षं काढून मी परत आले होते आणि ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत अकरावी कर्मचारी म्हणून रुजू झाले. सात वर्षांनी सोडली तेव्हा आम्ही १२० जण होतो. आता दुसरीकडे डेव्हलपर निवडण्याचं काम माझ्याकडे असतं. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

तुझ्या प्रश्नात "स्टार्टअप" हा शब्द चार वेळा आहे. मी त्यापेक्षा "वाढणारी" या शब्दाकडे बघेन. मोठ्या कंपनीत ज्या कामावर रुजू होतोस, ते दोन वर्षांनीही बरंचसं तेच असतं. वाढत्या कंपनीत दीड वर्षात कंपनीच दुसरी झालेली असते: माणसं दुसरी, गिऱ्हाइकं दुसरी, तुझ्या वरचा साहेब दुसरा. तिथे जे चांगलं मिळतं ते यातूनच, आणि जे सोसावं लागतं तेही यातूनच. एक घटना सांगते, म्हणजे कळेल.

५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल ट्रकमधून जात असेल तर ई-वे बिल लागतं, आणि त्याला मुदत असते. आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब होता. २२ डिसेंबर २०२० ला अधिसूचना आली: १ जानेवारीपासून दर २०० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे मुदत निम्म्यावर, आणि आमच्या हातात दहा दिवस. मुदत संपायच्या आधी ट्रान्सपोर्टरला इशारा देणं हे आमच्या ॲपचं मुख्य काम. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधीच्या ८ तासांत किंवा संपल्यानंतरच्या ८ तासांत, त्यामुळे इशारा वेळेवर जाण्यालाच किंमत.

मी कोडमध्ये १०० हा आकडा शोधला. तीन जागी सापडला. तिन्ही बदलले, तपासले, ३१ डिसेंबरच्या रात्री डिप्लॉय केलं आणि झोपले.

चौथी जागा मोबाइल ॲपमध्ये होती आणि तिथे १०० नव्हताच. तिथे ०.०१ होतं. कुणीतरी अंतराला १०० ने भागायच्या ऐवजी ०.०१ ने गुणलं होतं. गिटमध्ये, म्हणजे कोडमध्ये कुणी काय बदललं याच्या नोंदीत, नाव पाहिलं. २०१८ मध्ये, ई-वे बिल लागू झालं तेव्हा, ते मीच लिहिलं होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्टरचा ट्रक हैदराबादला निघाला. अंतर साधारण ५०० किलोमीटर. जुन्या हिशेबाने पाच दिवस, नव्या हिशेबाने तीन. आदिलाबादच्या पुढे पाटा तुटला, गाडी दीड दिवस उभी राहिली. तीन दिवस संपले, ॲप गप्प, कारण त्याच्या हिशेबी अजून दोन दिवस होते. वरचे ८ तासही गेले. गाडी पुन्हा रस्त्याला लागली आणि तपासणीत अडकली. त्या काळात अशा मालावर कर आणि कराइतकाच दंड असा हिशेब होता. रात्री सव्वाअकराला माझ्या मोबाइलवर फोन: "म्याडम, तुमचं ॲप झोपलं होतं काय?"

माझ्याच मोबाइलवर. मध्ये कॉल सेंटर नाही, अकाउंट मॅनेजर नाही, तिकीट नंबर नाही.

त्या रात्री दुरुस्ती केली. दंडाची रक्कम आमच्या कंपनीने सोसली. दुसऱ्या दिवशी मास्क लावून वाडीला त्यांच्या गोडाउनवर गेले आणि दोन तास मुन्शीच्या शेजारी स्टुलावर बसले. तो ॲप कसं वापरतो ते पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. माझ्या मते सर्वात महत्त्वाचं जे बटण, ते त्याने कधी दाबलंच नव्हतं. त्याच्या टेबलाच्या खणात एक लाल कापडी बांधणीचं रजिस्टर होतं. त्याने ते काढून दाखवलं. प्रत्येक गाडीपुढे मुदतीची तारीख पेनाने लिहिलेली, २०१९ च्या मध्यापर्यंत. पुढची पानं कोरी. "आधी मी हे लावत होतो म्याडम. तुमचं ॲप आलं म्हणून बंद केलं ना."

हिंजवडीच्या आठ वर्षांत मी एका परदेशी विमा कंपनीचं काम केलं. माझा कोड कोण वापरतं ते मला माहीत नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. लाल रजिस्टर पाहिल्यानंतर मी आकडे कोडमध्ये कोंबणं सोडलं. सगळे नियम डेटाबेसच्या एका टेबलात, प्रत्येकापुढे "कधीपासून लागू" ही तारीख. हे पुस्तकात असतंच, मलाही पाठ होतं, पण अंगात आलं ते त्या स्टुलावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा मी ती कंपनी सोडून दोन वर्षं झाली होती. जुन्या सहकाऱ्याचा फोन आला: "ताई, टेबलात नव्या तारखेच्या ओळी टाकल्या अन् झालं ना काम. घरी चाललो."

तर तुला मिळणार ते हे. पगारवाढ त्यामानाने किरकोळ. आणि रात्री सव्वाअकराचा फोन त्याच पाकिटात येतो, वेगळा काढून ठेवता येत नाही.

आता नागपूरची गोष्ट, कारण हाच प्रश्न पुण्याच्या कुणी विचारला असता तर उत्तर वेगळं दिलं असतं.

आपल्याकडे घर बहुधा आपलं असतं. जेवण घरचं, भाडं नाही, ऑफिस अर्ध्या तासावर. स्टार्टअप बुडाली आणि चार महिने पगार आला नाही, तरी तू रस्त्यावर येत नाहीस. बंगळुरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरापेक्षा तुझी जोखीम घ्यायची ताकद जास्त आहे, आणि तरी आपलीच पोरं जास्त घाबरतात. हे मला कधीच नीट समजलं नाही. "मुलगा अमुक मोठ्या कंपनीत आहे" असं सांगितलं की लग्नाच्या बोलणीत पुढचा प्रश्न येत नाही, हे एक कारण असावं.

उलट बाजू अशी की इथे अनुभवी माणसं कमी राहतात. दहा-बारा वर्षं झालेले बरेच जण पुण्याला नाहीतर बंगळुराला गेलेले, किंवा घरी बसून बाहेरच्या कंपनीचं काम करणारे. त्यामुळे इथल्या छोट्या कंपन्यांत बहुतेकदा तेवीस ते अठ्ठावीस वयाची मुलं दिसतात, सगळी हुशार, सगळी धावणारी, आणि "हे चुकतंय" म्हणायला कुणी नाही. तुला अडीच वर्षांचा अनुभव आहे. तिथे गेल्यावर तूच सीनियर ठरायची शक्यता आहे. ऐकायला छान वाटतं, पण धोकाही तिथेच आहे. चुकीच्या पद्धतीने झपाट्याने काम करायची सवय पाच वर्षं लागली की ती पाच वर्षांचा अनुभव धरली जात नाही. मुलाखतीत मला हे कळतं. "ट्रॅन्झॅक्शन मध्येच तुटलं तर काय होईल?" असं विचारलं की उमेदवार म्हणतो, "तसं कधी झालं नाही." झालं असतं, त्याला कळलं नाही.

माझ्या बाबतीतही तेच होणार होतं. २०१९ मध्ये आम्ही साठेक जण झालो आणि संस्थापकांनी बाहेरून एक इंजिनिअरिंग हेड आणला. माझ्या वर. तीन वर्षं रात्रंदिवस मी राबले आणि खुर्ची दुसऱ्याला. तीन महिने मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बॅकअप घेता?" मी म्हटलं, रोज रात्री. "तो परत उभा करून कधी पाहिलाय?" नव्हता पाहिला. पाहिला तेव्हा कळलं की पाच महिन्यांपासूनच्या फायली अर्धवट होत्या, डिस्क भरल्यामुळे मध्येच तुटत होत्या, आणि स्क्रिप्ट दररोज सकाळी "यशस्वी" असा मेल पाठवत होती. राग तिथे संपला असं म्हणणार नाही, पण वाद घालायला जागा उरली नाही. वाढत्या कंपनीत हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं: सुरुवातीला आलास म्हणून वरची जागा तुझीच असं नसतं. पहिल्या वीस जणांतल्या कितीकांनी मी असताना याच एका कारणाने राजीनामा दिला.

दुसरा सापळा गोड असतो. "तुझ्याशिवाय चालत नाही." माझ्या मावसबहिणीचं लग्न नागपूरच्या महाल भागात होतं. हळदीच्या दिवशी आहेराच्या साड्यांच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून मी बिलिंगचं सर्व्हर पुन्हा सुरू करत होते, कारण ते कसं करायचं हे फक्त मला माहीत होतं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. नंतर लक्षात आलं, दोन नवी चांगली कामं आली आणि दोन्ही दुसऱ्यांना गेली, कारण मला बिलिंगवरून हलवणं कंपनीला परवडत नव्हतं. ज्याच्याशिवाय चालत नाही त्याला बढतीही देता येत नाही. तिथे गेलास तर पहिल्या महिन्यापासून जे जे करशील ते लिहून ठेव आणि दुसऱ्या कुणालातरी शिकव. मग सुट्टीही मिळते.

आता पैसे. ४० टक्के वाढ ठीक आहे, पण आधी आईबाबांचा मेडिक्लेम बघ. मोठ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ते असतील तर ते संरक्षण राजीनाम्याबरोबर जातं. नवी कंपनी आईबाबांना धरत नसेल तर त्यांच्या वयाला वेगळ्या पॉलिसीचा हप्ता किती पडतो ते काढ आणि वाढीतून वजा कर. घराचं कर्ज वर्षभरात घ्यायचं असेल तर ते आधी मंजूर करून घे. बँकेला अनोळखी कंपनीची पगारचिठ्ठी फारशी आवडत नाही.

ईसॉपबद्दल बहुतेक मुलं फक्त एक आकडा विचारतात. "मला १,००० मिळाले." कितीपैकी १,०००? कंपनीचे सगळे मिळून १० लाख शेअर असतील तर तो ०.१ टक्का झाला, आणि पुढच्या प्रत्येक गुंतवणुकीच्या फेरीत तो आणखी बारीक होतो. कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदार बहुधा आपले पैसे आधी काढून घेतात, उरलं तर बाकीच्यांचं. कायद्याने ऑप्शन दिल्यापासून किमान एक वर्ष ते तुझे होत नाहीत. पुढे साधारण चार वर्षांत हप्त्याहप्त्याने होतात. एक वर्षाच्या आत सोडलंस तर शून्य.

कराचं गणित तर कुणीच सांगत नाही. समज, १,००० ऑप्शन, किंमत १० रुपये. तीन वर्षांनी शेअरचं मूल्य ५०० रुपये ठरलं. तू १०,००० रुपये भरून शेअर घेतलेस. मधला ४,९०,००० रुपयांचा फरक तुझ्या पगारात धरला जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर सेससकट जवळपास १,५३,००० रुपये कर. शेअर विकता येत नाहीत, कारण कंपनी बाजारात नोंदलेली नाही. कर मात्र रोख. २०२० च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलण्याची सोय आली, पण ती आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपपुरती, नुसत्या स्टार्टअप इंडियाच्या मान्यतेवर ती मिळत नाही. आणि नोकरी सोडलीस की ढकललेला करही समोर येतो. शिवाय सोडल्यावर ऑप्शन वापरायला किती दिवस मिळतात ते करारात बघ. बऱ्याच ठिकाणी ९० दिवस असतात. तेवढ्यात लाख-दीड लाख उभे करायचे, नाहीतर सोडून द्यायचे.

माझ्या ऑप्शनांचं विचारशील तर २०२२ मध्ये कंपनीने थोडे परत विकत घेतले, त्यात घराच्या कर्जाचे दोन वर्षांचे हप्ते निघाले. बाकीचे अजून कागदावर. पगार ठरवताना मी ईसॉपची किंमत शून्य धरते. पुढे काही आलं तर आमरस.

कंपनीची तब्येत कशी ओळखायची? संस्थापकाच्या भाषणावरून नाही, पीएफच्या पासबुकावरून. ३५ माणसं म्हणजे पीएफ लागू आहेच, कारण तो २० पासून लागतो. पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवी. तिथल्या कुणी ओळखीच्याला सांग, पासबुक उघड आणि मागच्या सहा महिन्यांच्या तारखा बघ. पैसा आटायला लागला की पगार एकदम थांबत नाही. आधी पीएफ उशिरा जातो, मग टीडीएस, मग चहाचं मशीन परत जातं, मग पगार ७ तारखेचा १२ ला होतो. आमच्याकडे २०१७ मध्ये एकदा हा क्रम अर्ध्यापर्यंत आला होता. तेव्हा संस्थापकांनी सगळ्यांना एका खोलीत बोलावून बँकेत किती आहेत तो आकडा सांगितला: साडेतीन महिने पुरतील एवढे. दोघं सोडून गेले, बाकीचे थांबलो. नंतर पैसे आले. आकडा लपवला असता तर मी थांबले नसते.

तुझ्या आत्ताच्या नोकरीला मी नावं ठेवणार नाही. कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे न जाणं, रिलीजची शिस्त, स्वच्छ ईमेल लिहिणं, हे मी हिंजवडीतच शिकले आणि छोट्या कंपनीत त्याच भांडवलावर पहिली दोन वर्षं काढली. पण अडीच वर्षं फक्त तिकिटंच असतील तर तिथलं शिकून झालंय. आणखी दोन वर्षांनी हाच प्रश्न विचारशील तेव्हा पगार जास्त असेल आणि येत असलेलं काम तेवढंच.

मी तुझ्या जागी असते तर गेले असते, पण दोन गोष्टी पाहून. एक पासबुकाची, ती सांगितली. दुसरी: त्यांना म्हण, "एक दिवस येऊन बसतो." चांगली कंपनी नाही म्हणत नाही. दुपारी त्यांच्याबरोबर खाली टपरीवर जा, संस्थापक नसताना. तिथे सहज विचार, मागच्या वेळी प्रॉडक्शन (गिऱ्हाइकं वापरतात ती चालू सिस्टीम) बंद पडलं तेव्हा काय झालं होतं? सगळे हसून एकाच वेळी सांगायला लागले, एकमेकांना दुरुस्त करू लागले, तर निर्धास्त जा. आणि सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं, तर तो माणूस राजीनामा देऊन नोटीसवर आहे का, ते चहा संपायच्या आत काढून घे.